मोईनची गादी

ज्या साली बशीर पिंजाऱ्याची लेक नाहिद फुलसावंगीला दिली आणि कापूस मातीमोल झाला, त्याच साली त्याची सून रौशन सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगा झाला, मोईन. यवतमाळच्या दवाखान्यात तो दोन महिने काचेच्या पेटीत, नळीच्या हवेवर राहिला. आर्णीला घरी आणला तेव्हा थंडी पडली होती.

"फुफ्फुसं कच्ची राहिलीत," डॉक्टर म्हणाले होते. "धूर नको, धूळ नको."

बशीरनं ते मनावर घेतलं. चूल परसात नेली. लोबान बंद केला. तरणेपणापासूनची बिडी एका दिवसात सोडली.

पिंजाऱ्याच्या घरात लेकराची पहिली गादी आजानं आपल्या हातानं पिंजायची असते. गिऱ्हाइकांचा कापूस बाजारातल्या मशीनवर निघे. नातवाच्या कापसाला मशीन लावायची नाही. बशीरनं माळ्यावरून बापाची धुनकी, कापूस पिंजायचं लाकडी धनुष्य, काढली. रौशन परसात कपडे धूत होती. मोईन खाटेवर जागाच होता. पिंजलेला कापूस वाऱ्यानं उडू नये म्हणून बशीरनं दार-खिडकी लावून घेतली आणि धुनकीच्या ताणलेल्या दोरीवर, तांतीवर, पहिला ठोका मारला.

मोईननं मान वळवली.

"वळखलं पठ्ठ्यानं! धंद्याचा आवाज वळखला!" बशीर हसला. त्याचा हात भराभर चालू लागला. कापूस फुलून वर आला.

गल्लीतल्या नर्स सुखीबाई अधूनमधून बाळाला पाहायला येत. त्यांनी दार ढकललं तशी उन्हाची तिरीप आत शिरली. त्या उंबऱ्यावरच थांबल्या. उन्हात, खाटेपासून आढ्यापर्यंत, बारीक तंतू तरंगत होते.

"बशीरभाऊ, हे काय करून राह्यले?"

"गादी. मंग पिंजाऱ्याचा नातू काय चिंध्याईवर झोपन? बसा, तुमाले बी एक उशी भरून देतो."

"डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

"धूर नाही, धूळ नाही. ध्यानात हाय मले. चूल बाहीर नेली. बिडी सोडली."

"अन् हे?"

बशीरनं उन्हाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"हा तं कापूस हाय, बाई."

सुखीबाईंनी खाटेकडे जात रौशनला हाक मारली. त्यांनी मोईनला उचललं. त्याच्या नाकपुड्या फुलत होत्या. दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. रौशन ओल्या हातांनी धावत आली.

"अब्बा, याचे ओठ काहून निळे पडले?"

शेजाऱ्याची जीप मिळाली. रौशन बाळाला घेऊन बसली. बशीर चढू लागला तसं सुखीबाईंनी दारात हात आडवा धरला.

"तुमी नका येऊ, भाऊ. कपडे पाहा तुमचे."

जीप गेली. बशीर रस्त्यावर उभा राहून सदरा झटकत राहिला. खांद्यावरचा कापूस झटकला की तो दाढीत बसे, दाढीतला काढला की बाहीवर. येणारे-जाणारे बघत होते.

दवाखान्यात कापसाचं नाव कोणी घेतलं नाही. फुफ्फुसं जन्मापासूनच कच्ची होती, एवढंच सांगितलं. रौशननंही पुढं कधी विषय काढला नाही.

मोईन त्याच आठवड्यात, शुक्रवारी पहाटे वारला.