परत विचारायचं नाही

"झोप लागते का, मायी?" लुसुंगूने पाठ केलेला पहिला प्रश्न टाकला.

"कसली झोप! पहाटेपर्यंत छताकडे बघत पडते," मायी नासिबेको म्हणाल्या आणि सवयीने पुढे बोलून गेल्या, "आणि तुला, बाळा?"

भिंतीला लागून बसलेल्या डॉक्टर कालुवांनी टेबलावर पेन आपटलं. दोनदा.

मायींनी जीभ चावली. त्या खऱ्या रुग्ण नव्हत्याच. मेडिकल कॉलेजच्या फाटकाबाहेर त्या मंदासी, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळून विकत. आज परीक्षेपुरतं त्यांना उदासीचा आजार झालेली बाई व्हायचं होतं. उत्तरं त्यांना तोंडपाठ होती. एकच सूचना काही केल्या पचनी पडत नव्हती : मुलांना परत काही विचारायचं नाही. आता मलावीतल्या या ब्लँटायर शहरात कुणी 'कशा आहात' म्हटलं, की 'बरी आहे, तुमचं काय' हे आलंच. न विचारणारा एक तर आजारी, नाहीतर भांडलेला. साठ वर्षांची जीभ एका सकाळीत कशी वळणार? एकतीस मुलं येऊन गेली होती आणि एकतिसांच्याही वेळी पेन आपटलं होतं. मुलं हसून 'मी मजेत, मायी' म्हणत आणि पुढच्या प्रश्नाकडे वळत. प्रत्येकाला सातच मिनिटं होती.

"मी मजेत," लुसुंगूही म्हणाला.

तो मजेत नव्हता. गेल्या वर्षी तो चौथ्या वर्षात नापास झाला. बरोबरीची मुलं पुढे निघून गेली आणि नव्या वर्गाने त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं. "काय आजोबा, काठी कुठे विसरलात?" तोही हसायचा. मग खानावळीत सगळे उठून गेल्यावर गार झालेली मक्याच्या पिठाची न्सिमा एकटाच खायचा. घर दूर उत्तरेला, करोंगाला. आई फोनवर विचारायची, "बरा आहेस ना रे?" तिच्या मागे वडील चर्चमधल्या पाहुण्यांना सांगताना ऐकू यायचे, "आमचा डॉक्टर बोलतोय." मग त्याला बरं असावंच लागायचं. आज पुन्हा नापास झाला, तर कॉलेज कायमचं सुटणार होतं.

"जेवण जातं का?"

"घास घशाखाली उतरत नाही," मायी म्हणाल्या. "तुझं काय रे? गालफडं किती बसलीत."

पेन आपटलं. लुसुंगूने मान खाली घातली. "जेवतो मी."

आता शेवटचा प्रश्न. सगळ्यात जास्त गुण याच प्रश्नाला होते, कारण तो विचारायला मुलं कचरत. लुसुंगू कचरला नाही. ते शब्द त्याच्या ओळखीचे होते.

"मायी, जगून काय करायचं, असं कधी वाटतं का?"

"वाटतं," मायी कागदावर होतं तसंच म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. पेन वर उचललेलं होतं. मग त्यांनी लुसुंगूकडे पाहिलं. या वेळी जीभ घसरली नव्हती. त्यांनी जाणूनबुजून विचारलं, "तुला वाटतं?"

'नाही' म्हणायलाच लुसुंगूने तोंड उघडलं होतं.

"हो," तो म्हणाला. "रोज वाटतं."

पेन आपटलं नाही.

घंटा झाली. पुढच्या मुलीने दार ठोठावलं. लुसुंगू उठेना. त्याचे खांदे गदगदत होते. मायींनी त्याचा हात आपल्या तेलकट वासाच्या हातात धरून ठेवला. मग त्यांच्या लक्षात आलं, की खोलीत तिसरंही माणूस आहे आणि त्याची विचारपूस राहिली आहे.

"आणि तुम्ही, डॉक्टर?"

वीस वर्षं डॉक्टर कालुवा परीक्षेच्या दिवशी त्या खुर्चीत बसत होते. तिथे त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. 'मजेत' हा शब्द त्यांच्याही ओठांवर आला. पण ते उठले. पुढच्या मुलीला बाहेरच थांबायला सांगून त्यांनी दार लावलं आणि आपली खुर्ची भिंतीपासून ओढत त्या दोघांजवळ आणली.

"मलाही झोप लागत नाही, मायी," ते म्हणाले. "पण आधी याचं ऐकू."