रुपरावांचा नेम

"ही नका घेऊ साहेब, डोळा फुटंल," भैयाजी म्हणाला. कामठीत त्याचं छावणीतल्या जुन्या मालाचं दुकान होतं. "बार उडाला का धक्क्यानं बंदुकीवरची दुर्बीण सरळ भुवईत घुसते. ही दुसरी पाहा. डोळ्यापासून वीतभर दूर धरली तरी दिसते."

"मले धक्का लागतच नाही," रुपरावांनी खांदा थोपटला. "विचारा माह्या पोरीले."

जयाने मान डोलावली. वडिलांचे हात कापत, म्हणून काटोलच्या संत्र्याच्या बागेत ठासणीची बंदूक तीच दारू ठासून भरून देई. इतक्या हंगामांत एकही रानडुक्कर पडलं नव्हतं. धरमपेठेतले मित्र रुपरावांना 'शिकारी' अशी हाक मारत आणि मग पोट धरून हसत. रुपराव दोष नजरेला देत. पेन्शनीत बसेल अशी दुर्बीण मिळाली, की सगळ्यांची तोंडं बंद होणार होती.

त्यांनी दुसरी दुर्बीण रस्त्यापलीकडे रोखली. "वा! त्या हॉटेलवाल्याच्या मिशीत पोहा अडकून राहिला!"

"राहू द्या बाबा. फार महाग आहे."

"बाईसाठी कमी करतो," भैयाजी लगेच म्हणाला.

"पाहा, कशी घासाघीस करते माही पोरगी!"

"डुकरं आवाजानेही पळतातच की," जया पुटपुटली.

"पळवाची नाहीत वं मले. पाडाची आहेत. मरायच्या आधी एक तरी."

भैयाजीने दुर्बीण कागदात गुंडाळली. "आधी फळीवर बार टाका. छिद्र कुठं पडलं ते पाहून हा स्क्रू फिरवा."

"उद्याच जाऊ," रुपराव म्हणाले.

परतीच्या बसमध्ये जयाने दोनदा विचारलं, "उद्याच का पण?" रुपराव दुर्बिणीतून पुढच्या बाकावरच्या माणसाचं टक्कल न्याहाळत होते.

पहाटे ते झोपेतच गेले.

तेराव्याला मित्र जमले. बागेचा रखवालदार कवडूही आला. डोळे पुसत तो म्हणाला, "अंधारात मी डुकराइच्या मांगं धावत राहो, अन् साहेब बार टाकत राहो. एक डुक्कर पडलं नाही, अन् मलेही कधी लागलं नाही. असा त्याइचा नेम!"

बैठकीत हशा पिकला. 'शिकारी' म्हणत कुणीतरी डोळे टिपले.

जयाने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"बाबांचा नेम कधी चुकला नाही, कवडूभाऊ. त्यांच्या बंदुकीत मी गोळी कधी भरलीच नाही."