बेट रिकामं पाहिजे

पियुषने लाइफ जॅकेटचा प्राइस टॅग दातांनी तोडला आणि नदीत टाकला.

"तुळजाआजी उठायची न्हाय," सुखदेव होडी वल्हवत म्हणाला. "लई जणांनी करून बघितलं."

"तू होडी बघ."

खराडीचे टॉवर मागे राहिले. पुढे मांजरी गावाच्या अंगाला, नदीच्या मधोमध, ते बेट. बाभळी, कांद्याचे वाफे, पत्र्याचं एक घर. नवरा संपत गेल्यापासून तुळजाबाई तिथे एकटीच राहायची.

श्यामसुंदर साहेबांना तिथे सोळा व्हिला बांधायच्या होत्या. तिच्या पुतण्याला धरून त्यांनी कागद केले होते, आणि बेटावर आता कोणीच राहत नाही, असं कोर्टात लिहून दिलं होतं. खरंखोटं बघायला उद्या कोर्टाचा माणूस येणार होता. त्याला म्हातारी दिसली तर केस गेली. केस गेली तर पियुषची नोकरी गेली. साहेबांनी आडपडदा ठेवला नव्हता. "कसं ते तू बघ. मला सकाळी बेट रिकामं पाहिजे."

सुखदेवला खाली थांबवून पियुष पायऱ्या चढला. पाण्यालगतच्या पायरीशी एक तराफा बांधला होता. दोर अजून ओला होता. वर बाभळीला बांधलेलं कुत्रं भुंकायला लागलं ते थांबेचना.

दारात चपलांचे दोन जोड. आत चुलीवर पातेलं, आणि पांढऱ्या केसांची एक बाई एकेक डबा उघडून बघत होती. साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी.

"तुळजाबाई ना?"

"बसा," बाई म्हणाली. "आपण कोण?"

"महापालिका. आपत्ती विभाग. आजी, धरणातून पाणी सोडलंय. दोन तासांत बेट पाण्याखाली जाणार. चला लवकर."

बाईने दारातून नदीकडे बघितलं. पाणी सकाळपासून होतं तिथेच होतं.

"कधी सोडलं?"

"तीनला."

"किती?"

"चाळीस हजार क्युसेक."

"बरंच आहे की." तिने पुढचा डबा उघडला. हरभऱ्याची डाळ. "साखर काही सापडत नाही."

"आजी, चहा राहू द्या. इथे एकट्याच असता ना?"

"तुम्हाला काय सांगितलंय?"

"एकट्याच असता म्हणून."

"मग झालं तर."

कुत्रं अजून भुंकतच होतं. पियुषच्या जॅकेटच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या.

"त्याला गप्प करा ना जरा."

"माझं ऐकत नाही ते." बाईने डब्याचं झाकण लावलं. "अडुसष्टचं खरेदीखत आहे या बेटाचं. दोन एकर चौदा गुंठे. घर त्र्याऐंशीचं. सत्त्याण्णवला पाणी आलं तेव्हा मागची भिंत पडली, ती परत बांधली. संपतराव दोन हजार नऊला गेले. तेव्हापासून या घराला एक दिवसही कुलूप लागलेलं नाही. आणि तुम्ही म्हणता, चला."

म्हातारीला साखर सापडत नाही आणि आकडे सगळे पाठ, पियुषच्या मनात आलं. त्याला क्षणभर वाईटही वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. साहेब.

"तुमचे साहेब का? स्पीकरवर टाका," बाई म्हणाली. "मलाही ऐकू दे."

नाही म्हणायची सोय नव्हती. "सर, तुळजाबाई समोरच आहेत," पियुष घाईघाईने बोलला. "पाण्याचं विचारतायत."

पलीकडून खाकरणं ऐकू आलं. मग साहेबांचा आवाज एकदम सरकारी झाला. "आजी, कंट्रोल रूममधून बोलतोय. निघा तिथून. जीव वाचला तर सगळं."

"आपलं नाव?"

"अं... रतन." फोन कट.

पियुषने खिशातून कागद काढला. त्यावर टाइप केलं होतं, मी तुळजाबाई, या बेटावर दोन वर्षांपासून राहत नाही, माझा ताबा नाही, तक्रार नाही.

"स्थलांतराचा फॉर्म आहे. इथे अंगठा द्या."

"वाचून दाखवा."

पियुषने कागद डोळ्यांसमोर धरला. "मला सुरक्षित जागी हलवावे. पाणी ओसरल्यावर घरी आणून सोडावे, ही विनंती."

"हेच लिहिलंय?"

"हेच."

"मग आधी तुम्ही सही करा. साक्षीदार लागतोच कोणीतरी. तारीख टाका, वेळ टाका."

खाली सुखदेवने शिट्टी मारली. उशीर होत होता. पियुषने पेन काढलं आणि हात सवयीने चालला. पूर्ण नाव, खाली फराटा, सव्वाचार. खोटं नाव टाकायला हवं होतं, हे सही झाल्यावर सुचलं. जाऊ दे. ही बाई कुठे वाचणार आहे.

बाईने शाईवर फुंकर मारली, कागदाची नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

"अहो, अंगठा?"

"घाई काय आहे? पाणी यायचंय ना अजून."

पियुष उठला. आता उचलूनच न्यावं लागणार. तो एक पाऊल पुढे गेला, आणि बाहेर कुत्रं एकदम गप्प झालं.

घरामागून एक वाळकी म्हातारी गवताचा भारा घेऊन आली. तिने भारा दारात टाकला. कुत्रं तिच्या पायात लोळायला लागलं.

"घावली का साखर? वरच्या फळीवर हाय." पदराने तोंड पुसत तिने पियुषचं नवंकोरं जॅकेट खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ह्यांचाबी चहा ठिवू का, कोर्टाच्या बाई?"