तीन चमचे

"आई, मीठ किती घालू?"

"चहाचा एक चमचा," ती भोपळ्याच्या साली गोळा करता करता म्हणाली.

लेकीनं हातानंच तिला गप्प केलं. फोन लेकीच्या कानाला होता. पलीकडून विहीणबाई बोलत होत्या आणि ही वर्गातल्या हुशार मुलीसारखी मान डोलवत होती. "बरं आई. हो आई. कळलं आई."

साली हातात धरून ती तशीच उभी राहिली. तीन वाक्यांत तीनदा आई!

लग्नानंतर लेक पहिल्यांदाच चार दिवस सलग राहायला आली होती, पण येताना जणू सासूलाही पिशवीत घालून घेऊन आली होती. काल पिशवीतून बियांची पुडी निघाली. वर विहीणबाईंचं गोल गोल अक्षर : 'पालक. रोज थोडं पाणी द्यावं.' तीस वर्षं परसात भाज्या पिकवणाऱ्या बाईला ही शिकवणी! आणि लेकीनं न विचारता ते बी तिच्याच वाफ्यात पेरलं. आज निघाली सुरी. लाकडी मुठीची, पातं झिजून करंगळीएवढं उरलेलं.

"आईंच्या आईची आहे," लेक म्हणाली. "मला दिली त्यांनी." भोपळा चिरून झाल्यावर तिनं ती धुतली, पुसली आणि फडक्यात गुंडाळून ठेवली.

लेकीला पहिला घास जिच्यातून भरवला ती वाटी तिनं सव्वीस वर्षं कपाटात जपली होती. दोनदा काढून पुढे केली. दोन्ही वेळा लेक म्हणाली, "असू दे गं इथंच. माझ्याकडून हरवेल." सासूची सुरी बरी हरवत नव्हती!

लेक पुदिना तोडायला परसात गेली. इकडे तिनं सुपावरचं झाकण उचललं आणि चाखून पाहिलं. अळणी. मिठाचा पत्ता नाही. तिला इतका आनंद झाला, की तिची तिलाच लाज वाटली. एवढा मोठा गुरू केला आणि गुरूला मीठ घालता येत नाही!

तिनं एक चमचा मीठ घातलं. तो चवीसाठी होता. मग सुरीकडे लक्ष गेलं आणि दुसरा घातला. खिडकीतून लेक दिसत होती, ओणवी होऊन पालकाच्या वाफ्याला पाणी देत होती. पुदिना राहिला बाजूलाच. तिसरा चमचा कशासाठी, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही. ढवळलं आणि झाकण ठेवलं.

दुपारी तिघं जेवायला बसली. नवऱ्यानं पहिला घोट घेतला आणि चमचा हळूच खाली ठेवला.

"खाल्ल्या मिठाला जागायचं म्हटलं," तो म्हणाला, "तर मला आता जन्मभर झोप नाही."

लेकीनं चाखलं. क्षणभर ती वाडग्यातच बघत राहिली. "माझ्याच हातून जास्त पडलं, बाबा. आईंनी नीट सांगितलं होतं. मीच वेंधळी."

"होतं असं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या जिभेनं स्वयंपाक केला की होतंच." एवढं बोलून घेतल्यावर तिला जरा बरं वाटलं.

लेक लिंबू आणायला आत गेली तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तिनंच उचलला.

"तुम्हीच का? बरं झालं!" विहीणबाईंचा आवाज उत्साहानं ओसंडत होता. "कसं झालंय हो सूप? खरं सांगा, मीठ नाही हे कळलं का?"

"म्हणजे?"

"अहो, मागच्या महिन्यात तुम्हाला चक्कर आली, डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं, तेव्हापासून हिच्या जिवाला चैन नाही. आईला अळणी आवडत नाही, आई ऐकणार नाही, हेच. दोन आठवडे रोज आमच्याकडे भोपळा! लिंबू किती, जिरं किती, सगळं करून पाहिलं. आमचे हे तर भोपळा दिसला की उठून जातात. सकाळीसुद्धा विचारत होती, चिमूटभर तरी मीठ घालू का म्हणून. मी म्हटलं, अजिबात नाही. नाही ना घातलं तिनं?"

नवरा तिच्या तोंडाकडे बघत होता.

"नाही," ती म्हणाली. "तिनं नाही घातलं."

तिनं फोन ठेवला. डॉक्टरांचं ते बोलणं तिनं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं. पण आता तिला डॉक्टर आठवत नव्हते. लेकीनं मीठ घातलंच नव्हतं, म्हणजे ते कुणी घातलं हे तिला पहिल्या घोटालाच कळलं होतं. तरीही 'मीच वेंधळी' म्हणाली. दोन आठवडे त्या दोघी एका स्वयंपाकघरात उभ्या राहून तिच्याबद्दल बोलत होत्या, तिच्या जिभेबद्दल, तिच्या हट्टाबद्दल. विहीणबाईंना तिची लेक तर मिळालीच होती, आता तिची काळजीही वाटून मिळाली होती. राग येईना आणि जाईना.

लेक बाहेर आली. फोनकडे पाहिलं, मग आईकडे. तिच्यापुढचा वाडगा उचलून घेतला आणि पाण्याचा मोठा पेला आणून ठेवला.

"पी."

"नंतर पिते."

"आत्ता. सगळं."

लेक हलेना. एक हात कमरेवर, मान किंचित तिरकी, डोळे पेल्यावर. शेवटचा घोट जाईपर्यंत ती जागची हलणार नव्हती. आई घोटाघोटानं पाणी पीत राहिली आणि पेल्याच्या कडेवरून लेकीकडे बघत राहिली. हे असं उभं राहणं काही विहीणबाईंनी शिकवलेलं नव्हतं.