खूण न पडणारा चष्मा

"उठला वळ," चष्मेवाला म्हणाला आणि त्याने टेबलावरचा दिवा तिच्या नाकावरून बाजूला केला.

हा सहावा चष्मा होता. प्रत्येक चष्मा भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे दहा मिनिटं नाकावर बसत होता, मग तो उतरवून नाकाची पाहणी होत होती. चेहऱ्याला शोभेल असा चष्मा मागणारी गिऱ्हाइकं त्याने सव्वीस वर्षं पाहिली होती. कधी घातलाच नव्हता असं वाटेल असा चष्मा मागणारी ही पहिलीच.

"ताई, थोडंफार उमटणारच. घरात कोण बघतंय?"

"घरात नाही. कामावर."

बाकावर एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून बसले होते. नंबर काढण्याआधी त्यांच्या डोळ्यांत औषधाचा पहिला थेंब घालून झाला होता. "अहो, चुरचुरतंय," ते म्हणाले.

"चुरचुरायचंच, काका. म्हणजे औषध लागू पडतंय."

ती औषधांच्या कारखान्यात बाटल्या तपासायची. बाटली उलटी करून दिव्यापुढे धरायची, काळ्या पाटीसमोर पाच आकडे मोजायचे, पांढऱ्या पाटीसमोर पाच. आत केस, ठिपका, काचेचा कण दिसला तर बाजूला. नाही दिसला तर पुढे.

"वर्ष झालं, मला काहीच दिसत नाही," ती म्हणाली. "म्हणजे सगळ्याच पुढे."

चष्मेवाल्याचा काच पुसणारा हात थांबला. मग पुन्हा पुसायला लागला. "मग सरळ चष्मा लावा की."

"चालत नाही. भिंतीवर लिहिलंय, डोळ्यांत तेल घालून काम करा. चष्म्याबद्दल काही लिहिलेलं नाही, पण चष्मा लागला की दुसऱ्या दिवसापासून घरी. साहेब तासातासाला फेरी मारतात. तेवढ्यापुरता काढून खिशात टाकता येईल. पण ते बाटल्या बघत नाहीत हो, नाकं बघतात. हनुवटी धरून, उजेडाकडे वळवून. गेल्या महिन्यात दोघींना घालवलं. माझ्या घरात कमावणारी मी एकटी."

"आणि डोळे तपासत नाहीत?"

"दरवर्षी. अकरा वर्षं तोच तक्ता आहे. शेवटची ओळ आम्ही उलटीसुद्धा म्हणून दाखवतो."

बाकावरचे काका डोळे मिटूनच हसले.

चष्मेवाल्याने आतल्या कपाटातून सातवा काढला. कागदासारखा हलका, नाकाशी मऊ गाद्या, नंबर दीड. "हा घातलाय हे विसरून आंघोळीला जाल."

तिने तो लावला. गल्ल्यावरच्या पावतीपुस्तकातली बारीक अक्षरं उठून समोर आली. दहा मिनिटं आता काय करायचं? काकांच्या डोळ्यांत घातलेल्या औषधाची काचेची बाटली तिथेच पडली होती. तिने ती उचलली, बूच दाबून पाहिलं, उलटी केली आणि दिव्यापुढे धरली. हे सगळं हातांनी सवयीनेच केलं. एक, दोन, तीन.

चारवर ती गेलीच नाही. बाटलीत पापणीच्या केसासारखं काहीतरी सावकाश खाली येत होतं. त्याच्यामागून दोन कण, चमकणारे.

तिने बाटलीचा तळ पाहिला. तपासनिसाचा क्रमांक, सतरा. हाच आकडा अकरा वर्षं तिच्या ॲप्रनच्या खिशावर शिवलेला होता.

"द्या ती इकडे," चष्मेवाला म्हणाला. "काकांचा दुसरा थेंब राहिलाय."

बाटली तिच्या हातून सुटली आणि फरशीवर फुटली.

"निसटली. मला दिसलं नाही."

"चष्मा लावून?" तो हसला. पायानेच त्याने काचा कपाटाखाली सारल्या आणि खण ओढला. आत तशाच बाटल्या ओळीने उभ्या होत्या. "असू द्या. डझनानेच आणतो मी. चांगली कंपनी आहे."

त्याने नवी बाटली उचलून सील फोडलं. तळावरचा सतरा तिला बसल्या जागेवरून वाचता आला.

"अहो..." ती म्हणाली.

"काय? टोचतोय का?"

तिने बाटलीकडे पाहिलं. मग काकांकडे.

"नाही," ती म्हणाली. तिने चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि तो गल्ल्यावर ठेवला. आता त्याच्या हातात नुसतीच एक बाटली होती आणि आतलं औषध पाण्यासारखं स्वच्छ होतं.

"मान वर करा, काका."

काकांनी मान वर केली. आपल्याच बोटाने पापणी ताणून धरली. एका डोळ्यात थेंब पडला, मग दुसऱ्यात.

"हा जरा जास्तच चुरचुरतोय हो," ते म्हणाले.

"पडून राहू द्या. चोळू नका."

चष्मेवाला परत आला. दिवा तिच्या तोंडावर वळवून त्याने दोन बोटांनी तिची हनुवटी वर केली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्याचं समाधान झालेलं दिसलं.

"बघा ताई," तो म्हणाला, "कुठं खूणसुद्धा नाही."