माइकपुढे सासूबाई

गोष्टी वाचून रेकॉर्ड करायच्या म्हणून मी घरी माइक, त्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा इंटरफेस आणि मोठी हार्ड ड्राइव्ह आणली. इंटरफेसचा हिरवा दिवा लागल्यापासून सासूबाई त्या खोलीवरून जाताना तोंड घट्ट मिटायच्या. "सगळं टिपतंय ते. आमचेच शब्द आमच्या गळ्यात घालशील!"

आज चाचणीचं रेकॉर्डिंग चालू ठेवून मी भाजी आणायला गेले. परत येते तर त्या खोलीचं दार आतून बंद, आणि आत सासूबाईंची कुजबुज. बाहेर आल्या त्या माझ्याकडे न बघताच. "तुझ्याबद्दल जे बोलायचं होतं, ते बोलले त्यात. ऐक आता."

लग्नापासूनच्या माझ्या सगळ्या चुका असणार, या खात्रीने मी हेडफोन लावले. आवाजच नाही. माइकच्या दुकानदाराला फोन केला.

"वहिनी, इंटरफेससोबतची केबल आखूड म्हणून फोनच्या चार्जरची जोडलीत ना? तिच्यातून नुसती वीज जाते. दिवा लागेल, आवाज नाही जायचा."

सुटले एकदाची, म्हणत मी वळले. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"ऐकलंस ना सगळं? मग... केलंस का गं मला माफ?"