दाजींचा तोल

"आधी बसवायचं, मग बटण. उभं असताना मशीन बंद झालं तर कंप लगेच परत येईल, तोल जाईल. जिन्याजवळ तर मुळीच नाही."

डॉक्टरीणबाईंचं हे बोलणं भावजयीने असं पाठ केलं होतं, की झोपेतून उठवलं असतं तरी घडाघडा म्हणून दाखवलं असतं. रिमोट तिच्याच एप्रनच्या खिशात असे. वन्संची बोटं संधिवाताने आखडलेली, त्यांना ती बारीक बटणं जमत नसत. म्हणून दवाखान्यात सगळं तिला शिकवलं.

दाजींना याची भारी गंमत वाटे. "डोक्यात दोन तारा, छातीत बॅटरी आणि मेन स्विच मेहुण्याच्या बायकोकडे," ते आल्यागेल्याला सांगत. "माझ्यावर केस करायला निघाली होती. आता मला चार्ज करते."

आलेगेले हसत. भावजय चहा ठेवून आत जाई.

केस तिने खरंच केली होती. दाजींनी गाडीखाली एका माणसाला चिरडलं होतं आणि पोलिसांना सांगितलं होतं, "चालवायला पगारी ड्रायव्हर आहे की." पगारी ड्रायव्हर म्हणजे वन्संचा धाकटा भाऊ, भावजयीचा नवरा. तो तुरुंगात गेला आणि तापाने तिथेच संपला. तिने कोर्टाची पायरी चढेपर्यंत दाजींना कंपवाताने गाठलं होतं. हात, मान, जबडा, सगळं हलायचं. खुर्चीत धड बसता येत नव्हतं. आरोपी बरा होईल तेव्हा बघू, म्हणून प्रकरण बासनात गेलं.

"आता ते कसले बरे होतात," वकील म्हणाला आणि त्यानेही नाद सोडला.

मग वन्संनीच तिला घरी बोलावलं. "माझ्याकडे राहा. मला मदत होईल."

भावजय आली. पण पोटासाठी आली नव्हती.

दाजींपेक्षा तिला चीड होती ती वन्संची. पाठचा भाऊ गेला आणि ही बाई नवऱ्यासाठी देव पाण्यात घालून बसली होती. एक वेळचं जेवण, पहाटेची प्रार्थना, कधी खंड नाही. जागेपणी डोक्याला भोक पाडणार म्हटल्यावर दाजींनी ऑपरेशनला साफ नकार दिला, तेव्हा वन्सं रडल्या, रुसल्या, शेवटी पाया पडल्या. ऑपरेशन चालू होतं तेवढा वेळ दाराबाहेर डोळे मिटून बसल्या, पाण्याचा घोटसुद्धा न घेता. आत दाजींच्या हातात पाण्याचा पेला दिला होता. तार नेमक्या जागी पोचली आणि सांडणारं पाणी थांबलं.

"अशी बायको मिळायला नशीब लागतं," शेजारीण म्हणाली.

"हो ना," भावजय म्हणाली.

हळूहळू दाजी स्वतःची दाढी स्वतः करू लागले. शर्टाची बटणं लावू लागले. जेवताना चमचा दातांवर वाजेनासा झाला. मग एक दिवस काठी कोपऱ्यात ठेवून जिना उतरले, आणि भावजयीला कळलं की आपली वेळ आली.

आज तपासणीचा दिवस होता. वन्संनी दाजींना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला, केस स्वतः विंचरले. गाडी खाली येऊन थांबली होती.

दाजी जिन्याच्या टोकाशी उभे राहिले. "बघ गं, पाय कसे पडतात," ते मागे न बघता म्हणाले. "तुझा नवरा असता तर गाडीचं दार उघडून उभा राहिला असता. बिचारा."

भावजयीने खिशात हात घातला. अंगठ्याला बटण सापडलं. दाजींनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

तिचं मनगट कुणीतरी धरलं. आखडलेली बोटं, पण पकड लोखंडाची.

"सोडा, वन्सं." भावजयीने मनगट ओढून पाहिलं. "तुमचा नवरा तुम्हाला लखलाभ. माझा गेला."

"माझा भाऊ गेला," वन्सं म्हणाल्या. त्यांनी तिच्या खिशातून रिमोट काढून आपल्या पिशवीत टाकला.

"काय कुजबुज चाललीय?" दाजी पायऱ्या उतरता उतरता म्हणाले. "डॉक्टरकडे उशीर होतोय."

"आलेच," वन्संनी ओ दिली. मग भावजयीकडे वळल्या. आवाज नेहमीसारखाच, प्रार्थना पुटपुटावी तसा. "इथे पडला तर सुटला. कोर्ट पुन्हा म्हणेल, आजारी आहे. भावाचा खटला चालू होता तेव्हा ह्यांनी मला खोलीत कोंडून ठेवलं होतं. अपघाताच्या दिवशी गाडीची किल्ली घेऊन हे एकटेच निघाले आणि भाऊ माझ्यासमोर जेवत बसला होता, हे सांगायला मी जिवंत आहे अजून. तुरुंगात त्याला भेटले तेव्हा शब्द दिलाय. तुझ्या वकिलाला मीच पुन्हा उभं केलं. डॉक्टरीणबाईंनाही कोर्टाने बोलावलंय, आजची तपासणी करून माणूस खडखडीत आहे हे सांगायला. तू काय समजलीस, एवढी वर्षं मी देवाजवळ काय मागत होते?"

भावजयीने रिकामा हात खिशातून बाहेर काढला.

वन्सं भराभर पायऱ्या उतरल्या आणि त्यांनी नवऱ्याचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला. "सावकाश," त्या म्हणाल्या. "आज तुम्हाला काही झालेलं मला चालायचं नाही."